धम्माचे भाष्यकार आणि गोदाकाठचे प्रश्न

(परभणी जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनप्रसंगी दिलेले व्याख्यान)

उपासक आणि उपासिकांनो,

आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू आहे. दिवसभर शेतात राबलेली, मोंढ्यात ओझी वाहिलेली माणसे सायंकाळी हातपाय धुऊन, पांढरी वस्त्रे नेसून येथे येऊन बसतात, आणि कुणी शाळेतील मुलगी स्पष्ट आवाजात एकेक भाग वाचते. ज्या समाजास अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजाने ग्रंथ मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती बसावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु याच वाचनासंबंधी दोन प्रकारचे बोलणे आपल्या कानांवर येते. पहिले असे की, "तुम्हांस पाली येत नाही, त्रिपिटक तुम्ही पाहिलेले नाही, तुमचा धर्म म्हणजे आंबेडकरांनी केलेला नवा अर्थ, खरा बौद्ध धर्म निराळाच." दुसरे बोलणे आपल्याच घरांतून निघते. नुकतेच देव्हारे रिकामे केलेल्या कुटुंबात मूल आजारी पडले, म्हैस दगावली, की एखादी वडीलधारी बाई हळूच म्हणते, "देवीचा कोप झाला असेल." पहिल्या बोलण्याने मनात न्यूनगंड उत्पन्न होतो, दुसऱ्याने भीती. या दोहोंना उत्तर द्यावयाचे तर धम्मविचाराच्या इतिहासात भाष्यकारांनी काय केले, हे आपण समजून घेतले पाहिजे. म्हणून आज मी त्याच विषयावर बोलणार आहे.

माझा व्यवसाय वकिलीचा आहे. कायद्याचा शब्द आणि त्याचा अर्थ यांत किती अंतर पडू शकते, हे आम्हांस रोज पाहावे लागते. एकच उदाहरण देतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये एक स्पष्टीकरण आहे. त्यात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश समजावा असे म्हटले आहे. एवढे वाक्य दाखवून काही लोक आपल्या माणसांस सांगतात की, "पाहा, संविधानाप्रमाणे तुम्ही हिंदूच." वास्तविक ते स्पष्टीकरण त्या अनुच्छेदातील एकाच उपखंडापुरते, म्हणजे समाजसुधारणेचे कायदे करणे व सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांस खुल्या करणे या विषयापुरते मर्यादित आहे. तसेच १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू होतो हे खरे. परंतु त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा उल्लेख हिंदूंहून वेगळा केलेला आहे, आणि धर्माने हिंदू नसलेल्या व्यक्तींनाही हा कायदा लागू पडतो हे त्याच कलमात मान्य केलेले आहे. कायदा लागू होणे ही एक गोष्ट आणि धर्म ठरणे ही दुसरी. शब्द तेच, पण अर्थ लावण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवले की आपली ओळखच पुसली जाते. जो न्याय कायद्यास, तोच ग्रंथास. ज्याच्या हाती अर्थ, त्याच्या हाती ग्रंथ.

आता धम्माकडे वळू. भगवान बुद्धांनी आपल्यामागे गादी ठेवली नाही, वारस नेमला नाही. आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच शास्ते होत, असे त्यांनी सांगून ठेवले. अमुक वचन बुद्धांचे आहे असे कुणी सांगू लागला तर काय करावे, याचा नियमही महापरिनिब्बान सुत्तात दिलेला आहे. सांगणारा म्हणो की मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले, एखाद्या संघाकडून ऐकले, विद्वान स्थविरांकडून ऐकले किंवा एका स्थविराकडून ऐकले. ते तत्काळ स्वीकारूही नये आणि तत्काळ धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. जुळले तर घ्यावे, न जुळले तर सोडावे. साक्षीदार कितीही प्रतिष्ठित असला तरी त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे, हा आम्हां वकिलांचा नियम येथे धर्माच्या प्रांतात सांगितलेला दिसतो. अशी मुभा, किंबहुना असे कर्तव्य, आपल्या अनुयायांवर सोपवणारे शास्ते विरळाच.

मग अर्थ सांगण्याचा अधिकार प्रथम कोणास मिळाला? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत पाचशे भिक्खू जमले. महाकस्सपांनी प्रश्न विचारले. धम्माविषयी आनंदांनी उत्तरे दिली आणि विनयाविषयी उपालींनी. हे उपाली कोण? कपिलवस्तूच्या शाक्यांचे न्हावी. शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यावयास निघाले, तेव्हा आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्यांनीच उपालींस आपल्या आधी दीक्षा देण्याची विनंती केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे ज्याच्या शब्दावरून संपूर्ण संघाचा कायदा निश्चित झाला, तो मनुष्य जन्माने केस कापणारा होता. ज्ञानाचा अधिकार जन्माने मिळतो, हे मत धम्माने पहिल्याच सभेत मोडीत काढले.

स्त्रियांचीही गोष्ट तशीच आहे. मज्झिम निकायात चूळवेदल्ल नावाचे सुत्त आहे. त्यात विशाख नावाचा उपासक धम्मदिन्ना या भिक्खुणीस एकामागून एक कठीण प्रश्न विचारतो. हा विशाख तिचा पूर्वाश्रमीचा पती होता, असे अट्ठकथा सांगते. धम्मदिन्ना एकाही प्रश्नाला अडखळत नाही. विशाख ती सर्व उत्तरे भगवंतांच्या कानी घालतो, तेव्हा आपणही हेच उत्तर दिले असते, असे भगवंत म्हणतात. आपल्या विहारात जी मुलगी वाचन करते, तिने केवळ वाचावे आणि अर्थ पुरुषांनी सांगावा, अशी वहिवाट आपण पाडू नये. धम्मदिन्नेची परंपरा तिचीही आहे.

उपासकांनो, ही झाली मगधाची आणि कोसलाची कथा. पण धम्माचा आपल्या भूमीशी असलेला संबंध फार जुना आहे. सुत्तनिपात या प्राचीन ग्रंथाच्या शेवटी पारायनवग्ग नावाचा वर्ग आहे. त्याच्या प्रास्ताविक गाथांमध्ये बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची हकीकत येते. हा बावरी अस्सक देशात, गोदावरीच्या काठी राहत होता. आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या भागांतून वाहणारी जी गोदावरी, तीच ही गोदावरी. त्याने यज्ञ करून आपल्याजवळचे सर्व देऊन टाकले होते. मागाहून एक याचक आला आणि पाचशे नाणी मागू लागला. देण्यास काही नाही असे कळताच त्याने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. बावरी विद्वान होता, सोळा नामांकित शिष्यांचा गुरू होता. तरीही त्या शापाने त्याचे अन्नपाणी सुटले. भीती विद्वानासही सोडत नाही.

शेवटी, मस्तक म्हणजे काय आणि मस्तक फुटणे म्हणजे काय हे जाणणारा बुद्ध उत्तरेत आहे, असे त्यास कळले. त्याने आपल्या सोळा शिष्यांना धाडले. ते पतिट्ठान म्हणजे आजचे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती, कपिलवस्तू, वैशाली असा दूरचा प्रवास करून मगधात पोहोचले. अजित याने गुरूचा प्रश्न विचारला. भगवंतांच्या उत्तराचा भावार्थ असा की, अविद्या हेच ते मस्तक. आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा आणि वीर्य यांनी युक्त झालेली विद्या हीच ते मस्तक फोडणारी. शापाची भाषा घेऊन त्यांनी शापाचेच बळ काढून घेतले. फुटावयाचे ते अज्ञान, माणसाचे डोके नव्हे.

देवीच्या कोपाची भीती ज्या घरात अजून रेंगाळत असेल, त्या घरातील मंडळींनी ही कथा म्हाताऱ्या आईला सांगावी. तिला हिणवू नये, तिच्यावर ओरडू नये. बावरीलाही कुणी हिणवले नव्हते. तो भ्याला, पण त्याने गंडेदोरे न बांधता प्रश्न विचारण्यासाठी माणसे पाठविली. मूल आजारी असेल तर दवाखान्यात न्यावे, जनावर आजारी असेल तर पशुवैद्यास बोलवावे आणि मनात भय असेल तर ते बोलून दाखवावे. बावरीच्या कथेतून घ्यावयाचा बोध एवढाच.

त्यानंतर सोळाही शिष्यांनी आपापले प्रश्न विचारले. जग कशाने झाकले आहे, असे अजिताने विचारले. अविद्येने, असे उत्तर मिळाले. लोकांनी देवतांना उद्देशून एवढे यज्ञ का केले आणि त्यांनी ते जरामरणाच्या पार गेले काय, असे पुण्णकाने विचारले. लाभाच्या आशेने केले आणि पार गेले नाहीत, असा उत्तराचा आशय आहे. धोतक म्हणाला, मला शंकेतून मुक्त करा. त्यावर भगवंतांनी सांगितले की, मी कुणास असा मुक्त करू शकत नाही. धम्म जाणशील तर तूच हा ओघ तरशील. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे जे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ठासून सांगितले, त्याचे मूळ गोदाकाठच्या या तरुणाच्या प्रश्नात आपल्याला सापडते. बाबासाहेबांनी ही गोष्ट स्वतःच्या कल्पनेने घातली असे म्हणणाऱ्यांनी हे सुत्त वाचावे.

येथे भाष्यकारांचे काम कसे उपयोगी पडते ते पाहा. पारायनातील प्रश्नोत्तरांवर 'चूळनिद्देस' नावाचे भाष्य आहे. ते इतके प्राचीन आहे की त्याची गणना त्रिपिटकातच होते. या भाष्याने सोळा जणांच्या प्रश्नांचा शब्दन् शब्द उलगडला आहे, परंतु बावरीची हकीकत सांगणाऱ्या प्रास्ताविक गाथांवर ते काहीच बोलत नाही. यावरून विद्वानांनी असे अनुमान काढले की, प्रश्नोत्तरे अतिप्राचीन आणि प्रास्ताविक त्यामानाने नंतरचे असावे. अजिताच्या प्रश्नाचा उल्लेख संयुत्त निकायातही येतो, हा त्या प्राचीनतेचा दुसरा पुरावा. त्या प्रास्ताविकात बावरीस धीर देणारी एक देवताही आहे. ग्रंथात देवता आहे म्हणून आपण देवता मानावी काय? नाही. आणि देवता आहे म्हणून संपूर्ण ग्रंथ फेकून द्यावा काय? तेही नाही. कोणता थर जुना, कोणता नवा, कोणते बोलणे विवेकास धरून आहे आणि कोणते त्या काळच्या कथनरीतीचे, हे निवडावे. भाष्यकाराचे मौनसुद्धा साक्ष देते, ते अशा रीतीने.

पुढे हीच प्रश्न विचारण्याची रीत राजसभेत गेली. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिनांडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. आरंभीच नागसेन राजास अट घालतो: पंडित वाद करतात तसा वाद करणार असाल तर मी बोलतो, राजे करतात तसा करणार असाल तर बोलत नाही. पंडितांच्या वादात चूक दाखविली तर कुणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्यास दंड होतो. मिलिंदाने ती अट मान्य केली, हे त्याचे मोठेपण. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जे महाविद्यालय काढले, त्यास पुढे 'मिलिंद' हे नाव देण्यात आले. निजामी राजवटीतून १९४८ साली नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील दलित मुलांना ज्या संस्थेने उच्च शिक्षणाचे दार उघडले, तिच्यावर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव कोरलेले आहे, याचा अर्थ आपण ध्यानी घ्यावा.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्य सिंहलद्वीपी अनुराधपूरच्या महाविहारात गेले. तेथे सिंहली भाषेत असलेल्या अट्ठकथा त्यांनी पालीत आणल्या आणि 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ रचला. पुढे भारतातून धम्म लोपला, पण हे वाङ्मय सिंहल, ब्रह्मदेश आणि सयाम येथे जपले गेले. ते परत आपल्या मराठी मुलखात कुणी आणले? गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी. 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचून या तरुणाच्या मनाने घेतले की बुद्धाचा धर्म मुळापासून शिकावयाचा. त्याने घर सोडले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, नेपाळ आणि बोधगया पालथी घातली आणि १९०२ साली सिंहलद्वीपी जाऊन विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकला.

परत आल्यावर सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य दिले. १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांसारखे पालीचे पंडित त्यांच्याच शिकवणीतून तयार झाले. अमेरिकेतील हार्वर्ड येथे विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते वारंवार गेले. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० साली निघाली. परंतु एवढा पंडित मराठीत मात्र साध्या माणसासाठी लिहीत राहिला, आणि मुंबईस परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारून तेथे राहिला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचा अंत झाला. त्यांची सगळी मते आपणांस मान्य होतीलच असे नाही. परंतु त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांच्याही आधी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १८९८ साली मराठीत बुद्धचरित्र लिहिले होते. तेच पुस्तक त्यांनी विद्यार्थिदशेतील भीमरावांच्या हाती ठेवले. त्या एका भेटीचे फळ पुढे नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी साऱ्या जगाने पाहिले.

आता त्या पहिल्या आक्षेपाकडे येतो. बाबासाहेबांनी नवा अर्थ लावला, म्हणून तो खोटा, असे म्हणणाऱ्यांस विचारावे की, अर्थ न लावता धम्म कोणी सांगितला? निद्देसकारांनी अर्थ लावला, नागसेनांनी लावला, बुद्धघोषांनी लावला. प्रत्येकाने आपल्या काळाच्या प्रश्नांसमोर उभे राहून लावला. बाबासाहेबांसमोरचा प्रश्न अस्पृश्यतेने पिचलेल्या कोट्यवधी माणसांचा होता.

सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हेच उदाहरण घेऊ. वृद्ध, आजारी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून केला, अशी कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु अरियपरियेसन सुत्तात भगवंत स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेथे त्या चार दृश्यांचा मागमूस नाही. दीघ निकायातील महापदान सुत्तात ती कथा आहे, पण ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून आहे. धर्मानंदांनी हे दाखवून दिले आणि अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे शस्त्रधारी माणसांचा आपसातील कलह हे गृहत्यागाचे कारण मांडले. बाबासाहेबांनीही विचारले की, एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे पटावे? आणि त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला संघर्ष कारण म्हणून मांडला. शाक्य संघातील मतदानाचा प्रसंग त्यांनी ज्या स्वरूपात रंगविला, त्या स्वरूपात तो त्रिपिटकात आढळत नाही. हे सांगताना आपणांस संकोच वाटण्याचे कारण नाही. पुराव्यांच्या सांगाड्यावर तर्काने उभारलेले ते भाष्य आहे. आणि पाण्यासाठी चवदार तळ्यावर १९२७ साली लढलेल्या माणसाने ते केले आहे.

शिवाय बाबासाहेबांनी आपल्या कसोट्या लपवून ठेवल्या नाहीत. जे विवेकास व तर्कास धरून आहे तेच बुद्धवचन मानता येईल. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही त्या वादात बुद्ध पडले नाहीत. आणि काही गोष्टींविषयी बुद्धांचे मत निश्चित होते, तर काहींविषयी ते अंतिम नव्हते, हा भेद ध्यानी ठेवावा. या तीन कसोट्या त्यांनी ग्रंथातच दिल्या आहेत. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, तेव्हा त्यातील वचनांची पाली मुळे शोधून दिली. म्हणजे ज्यास पडताळा पाहावयाचा आहे त्यास वाट मोकळी आहे. महापरिनिब्बान सुत्ताचा नियम बाबासाहेबांच्या ग्रंथासही लागू करता येतो आणि तो ग्रंथ त्या तपासणीस भीत नाही.

मग आपण काय करावे? वाचनानंतर लगेच उठून जाऊ नये. रोज एक प्रश्न विचारावा आणि तो एका वहीत लिहून ठेवावा. उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी शोधून आणावे. साधने आज दुर्लभ नाहीत. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून संपूर्ण पाली त्रिपिटक देवनागरीत निघालेले आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीहून अट्ठकथांसह ते पुन्हा छापले गेले आहे. ज्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यातील माणसांनी घरे जळताना पाहिली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ते नाव मिळविले, त्याच विद्यापीठात पालीचा विभाग आहे. प्रत्येक गावातून एक मुलगा किंवा मुलगी पाली शिकावयास निघाली, तर "तुम्हांस पाली येत नाही" हे बोलणे एका पिढीत बंद पडेल.

बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार अडचणीचे प्रश्न मांडले आणि वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उलगड्यास हातभार लावावा, अशी आशा व्यक्त केली. ते वाचक आपणच आहोत. गोदावरीकाठच्या सोळा जणांनी आपले प्रश्न घेऊन मगधापर्यंत पायपीट केली. आपणांस या विहारातच बसून ते विचारावयाचे आहेत. आज वाचलेल्या भागावर ज्यास शंका असेल, त्याने आता निःसंकोच बोलावे.

जयभीम! नमो बुद्धाय!